बडोद्याच्या परसात साप निघाला, तर

बडोद्यातील मराठी घरांना नागपंचमी दोनदा भेटते. आपली पंचमी श्रावण शुद्धात येते. पाटावर गंधाने नाग रेखाटला जातो, लाह्या आणि दूध पुढे ठेवले जाते, आणि त्या दिवशी घरात काही चिरू-कापू नये हा दंडक काही घरांत अजूनही पाळला जातो. शेजारच्या गुजराती घरातील नागपाचम त्यानंतर पंधरा दिवसांनी, श्रावण वद्य पंचमीला असते, आणि पाणियाऱ्याच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे माठ ठेवण्याच्या जागेच्या, भिंतीवर काढलेल्या नागाला बाजरीच्या पिठाची कुलेर दाखवली जाते. या दोन्ही पंचम्या ज्या पावसाळ्यात येतात, त्याच पावसाळ्यात परसात खराखुरा साप निघण्याचे प्रसंगही सर्वाधिक घडतात, आणि मग सकाळी जोडलेले हात संध्याकाळी काठी शोधू लागतात. भीती खोटी नाही, म्हणून त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र साप परसात का आला, तो कोणता आहे आणि चावलाच तर शरीरात नेमके काय घडते, एवढे समजले तर त्या पाच-दहा मिनिटांत आपल्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका टळू शकतात.

साप वाट चुकून परसात येत नाही. अन्न, आडोसा, ओलावा किंवा कोरडी जागा यांपैकी काहीतरी त्याला तिथे मिळत असते, आणि पुष्कळदा ते आपणच मांडून ठेवलेले असते. आपल्याकडील बहुतेक साप स्वतः बीळ खणत नाहीत. उंदीर-घुशींची बिळे, वारुळे, पायऱ्यांखालच्या भेगा, विटांचे ढीग हीच त्यांची घरे असतात. पहिल्या मोठ्या पावसात ही बिळे पाण्याने भरतात आणि आतील साप उंचवट्याकडे, म्हणजे ओट्याकडे आणि पायऱ्यांकडे सरकतात. त्याच दिवसांत बेडूक बाहेर पडलेले असतात, म्हणजे खाणेही दारातच उपलब्ध होते. आपल्या शहरात याला आणखी एक जोड आहे. पक्ष्यांना रोज चण टाकण्याची गुजरातेतील पद्धत मनाला भावणारी आहे आणि आता अनेक मराठी घरांनीही ती उचलली आहे. पण संध्याकाळी उरलेले ते दाणे रात्री उंदरांच्या पोटात जातात, आणि उंदरांच्या मागावर धामण किंवा नाग येतो. चण टाकणे बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण ते माझ्या घरीही कोणी ऐकत नाही. दिवस मावळण्यापूर्वी ओटा झाडून घेतला तरी या साखळीतील पहिली कडी तुटते.

दुसरे कारण शहराच्या ठेवणीत आहे. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री बडोद्याच्या मधून वळणे घेत जाते, आणि तिच्या दोन्ही काठांना झाडाझुडपांनी भरलेली कोतरे, म्हणजे घळी, आहेत. त्या कोतरांपासून भूखी कांसासारखे पावसाळी पाण्याचे नाले वस्तीच्या आतपर्यंत पोहोचतात. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांतून निघून आपण नदीपलीकडच्या टेनामेंट आणि डुप्लेक्समध्ये राहायला गेलो, तेव्हा मागचा ‘वाडो’, म्हणजे परस, मोठा मिळाला म्हणून सगळ्यांना आनंद झाला होता. तो वाडो सापाच्या दृष्टीने कोतराचाच पुढचा तुकडा आहे, ही गोष्ट मात्र घर घेताना कोणी विचारात घेतली नाही.

चार नावे, दोन भाषा

भारतात माणसाच्या जिवावर बेतणारे बहुसंख्य सर्पदंश चार जातींकडून होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बडोद्यात राहणाऱ्याने यांची गुजराती नावेही शिकून ठेवावीत, कारण पकडायला येणारा स्वयंसेवक, रुग्णवाहिकेतील माणूस आणि शेजारी यांच्याशी बोलणे त्याच भाषेत होणार असते. मण्यारीला गुजरातीत काळोतरो म्हणतात आणि घोणसेला खडचितळो. घाबरलेल्या माणसाने ‘मण्यार, मण्यार’ म्हणून ओरडावे आणि समोरच्याला काहीच बोध होऊ नये, असे होऊ नये म्हणून हे आधीच ठाऊक असलेले बरे.

नाग ओळखू येतो तो फणा काढल्यावर. मानेजवळच्या बरगड्या फाकवून तो फणा उभारतो, आणि ही त्याची धमकी असते, हल्ला नव्हे. फणा न काढलेला नाग आणि धामण यांत नवख्याची गल्लत होते. धामण दोन मीटरहून लांब वाढते, चपळ असते, बिनविषारी असते आणि उंदीर फस्त करते, त्यामुळे चुकून मारल्या जाणाऱ्या सापांत तिचा क्रमांक वरचा आहे. ‘धामण ही नागाची मादी’ ही समजूतही चुकीची आहे, त्या दोन वेगळ्या जाती आहेत. घोणस जाड, आखूड आणि सुस्त दिसते. तिच्या पाठीवर साखळीच्या दुव्यांसारखे गडद ठिपक्यांचे तीन पट्टे असतात आणि डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आणि लांबलेला फुत्कार टाकते. तिला अजगराचे पिल्लू किंवा बिनविषारी डुरक्या घोणस समजून हातात उचलण्याची चूक फार महागात पडते. फुरसे वीतभर-दोन वितीचे असते, आणि वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करते.

मण्यारीवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण घराच्या आत येणारी आणि झोपेत चावणारी जात हीच आहे. ती निशाचर आहे. रंग चकचकीत काळा किंवा निळसर काळा असतो, त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे असतात आणि पुष्कळदा ते जोडीने येतात. हुबेहूब तिच्यासारखा दिसणारा कवड्या साप बिनविषारी असतो आणि पालींच्या शोधात भिंती चढून न्हाणीघरापर्यंत येतो. दोघांतला फरक पट्ट्यांच्या दिशेत आहे: कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, तर मण्यारीचे पट्टे मानेजवळ अस्पष्ट किंवा गायब असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. आमच्या न्हाणीत एकदा कवड्या निघाला, घरातल्या एका ज्येष्ठांनी त्याला झाडूच्या दांड्याने मारले, आणि त्यानंतर ‘काळोतऱ्याची जोडीदारीण सूड घ्यायला येणार’ या धाकाने तीन रात्री कोणी धड झोपले नाही. साप जोडीने राहत नाहीत आणि कोणाचा चेहरा लक्षात ठेवून सूडही घेत नाहीत. ही ओळख दुरूनच पटवायची असते आणि शंका उरली तर साप विषारीच धरून चालायचे. त्रिकोणी डोके म्हणजे विषारी, हा लोकप्रिय नियम तर सरळ विसरून जावा. नाग आणि मण्यार या दोघांचीही डोकी त्रिकोणी नसतात.

समोर दिसला, आता काय

साप आपल्याइतकाच सावध झालेला असतो. त्याला बाहेरचे कान नसतात. जमिनीतून येणारी कंपने तो जबड्याच्या हाडांतून टिपतो, आणि जीभ आत-बाहेर करून हवेतील गंधाचे कण टाळूतील एका खास इंद्रियाकडे पोहोचवतो. जीभ लवलवली म्हणजे तो चवताळला असे नव्हे, तो फक्त वास घेत असतो. सापाचा झेप घेण्याचा टप्पा साधारणपणे त्याच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक नसतो, म्हणून तीन-चार मीटर अंतरावर उभा असलेला माणूस सुरक्षित असतो. काठी घेऊन जवळ जाणारा माणूस मात्र स्वतःच्या पायांनी त्या टप्प्यात शिरतो, आणि साप मारायला किंवा पकडायला गेल्यामुळेच कितीतरी दंश होतात.

मुले आणि कुत्रा यांना आत घ्यावे, घराकडे उघडणारी दारे लावावीत, दाराखालच्या फटीत ओले गोणपाट किंवा जुनी चादर कोंबावी आणि बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवावी. उघड्या परसात असलेला साप बहुधा अर्ध्या तासात आपोआप निघून जातो. तो घरात किंवा सामानात शिरला असेल, तर एका माणसाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने वन विभागाला किंवा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांना बोलवावे. बडोद्यात असे स्वयंसेवक गट अनेक आहेत; त्यांचे क्रमांक सोसायटीच्या फलकावर पावसाळ्यापूर्वीच लिहून ठेवावेत. साप गळ्यात घालून छायाचित्रे काढू देणारा, सापाला मुलांच्या हातात देणारा माणूस कितीही प्रसिद्ध असला तरी त्याला पुन्हा बोलवू नये, हे माझे ठाम मत आहे. पकडलेला साप फार दूर नेऊन सोडणेही हिताचे नसते, कारण अनोळखी प्रदेशात त्याला आडोसा आणि पाणी सापडत नाही. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडून ठेवणे किंवा त्यांचा खेळ करणे हा गुन्हा ठरतो.

चावला, तर शरीरात काय होते

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. यातील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतील आहेत, आणि कितीतरी जण रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नव्हते. मोठे सरकारी रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर असलेल्या शहरात राहणाऱ्याने वेळ वाया घालवणे म्हणूनच अक्षम्य आहे.

विष मुख्यतः दोन तऱ्हांनी काम करते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर आघात करते. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आधी पापण्या जड होऊन मिटू लागतात, मग दोन-दोन दिसते, बोलणे आणि गिळणे कठीण होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. नागाच्या दंशात जागेवर सूज आणि तीव्र वेदना असतात. मण्यारीच्या दंशात मात्र पुष्कळदा ना वेदना, ना सूज, दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखून जागा झालेला, उलट्या करणारा आणि तासाभरात डोळे उघडता न येणारा माणूस ‘काल काहीतरी बाधले’ म्हणून ओवा-सुंठ घेत बसतो, आणि तिथेच घात होतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पावसाळ्यात अशी लक्षणे दिसली, तर सर्पदंशाचा संशय आधी घ्यावा. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठवणारी द्रव्ये संपवून टाकते, त्यामुळे हिरड्यांतून, लघवीतून किंवा जखमेतून रक्त येत राहते, आणि घोणसेच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

हे तपासण्याची रुग्णालयातील एक चाचणी इतकी साधी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही: रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन ती २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करून पाहतात. रक्त अजूनही पाण्यासारखे वाहत असेल, तर विष भिनले आहे असे मानून उपचार सुरू होतात. साप ओळखला गेला नाही तरी त्यामुळे अडत नाही, आणि म्हणूनच साप मारून पिशवीतून रुग्णालयात नेण्याची काही गरज नसते. दुरून मोबाइलवर छायाचित्र मिळाले तर घ्यावे. त्यासाठी एक पाऊलही पुढे टाकू नये.

दंशानंतर विष मोठ्या प्रमाणात लसिकावाहिन्यांतून पसरते. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नसतो. आपले स्नायू हलतात तसा त्यांतील द्रव पुढे ढकलला जातो. धावणे, जिने उतरणे, स्कूटर चालवत रुग्णालयात जाणे हे सगळे त्या पंपाचा दांडा मारत राहण्यासारखे आहे. म्हणून रुग्णाला आडवे करावे, धीर द्यावा, दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी आणि घड्याळ सूज येण्याआधी उतरवावे, आणि १०८ ला फोन करावा. दोरीने किंवा रुमालाने करकचून आवळू नये, कारण फुरसे किंवा घोणसेच्या दंशात त्यामुळे तो अवयवच गमावण्याची वेळ येऊ शकते. कोणी आधीच आवळले असेल, तर घरी एकदम सोडू नये. अडलेले विष एका दमात अंगात जाते, म्हणून ते रुग्णालयातच सोडवून घ्यावे. चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, मिरची किंवा कडुलिंब चावायला देऊन चव विचारणे यांतल्या कशाचाही उपयोग नाही. ‘अमक्या बाबांनी उतरवले’ अशा कहाण्यांत साप बहुधा बिनविषारी असतो, किंवा विषारी सापाने विष न सोडताच चावा घेतलेला असतो.

खरा उपाय एकच, प्रतिविष. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचत जातात, त्याच्या रक्तात विषाविरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात आणि ती शुद्ध करून कुपीत भरली जातात. भारतात मिळणारे प्रतिविष वरील चारही सापांसाठी एकत्रच असते. सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मुलाला काही वजन पाहून कमी विष टोचलेले नसते. या औषधाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते सुसज्ज ठिकाणीच द्यायचे असते. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते; ती इजा झाल्यावर प्रतिविष ती भरून काढू शकत नाही आणि रुग्णाला काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते, पण तेवढा काळ निभावला तर माणूस पूर्ण बरा होतो. बडोद्यात रात्री-अपरात्री कुठे जायचे याचा खल करत न बसता सयाजी हॉस्पिटलसारखे मोठे सरकारी रुग्णालय गाठावे.

साप येऊ नये म्हणून बाजारात आणि घरगुती सल्ल्यांत पुष्कळ काही मिळते. कार्बोलिक ॲसिड, फिनाइल, लसणाचे पाणी, कुंपणाला लावलेली सर्पगंधा, यांपैकी कशानेही साप रोखले जातात असे दिसलेले नाही. ॲसिडने मात्र मुलांचे हात आणि मांजरांचे पाय भाजतात. उपयोग होतो तो कंटाळवाण्या गोष्टींचा: मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराखाली रबरी पट्टी, नारळाच्या करवंट्या आणि फुटक्या कुंड्या यांचा ढीग हलवणे, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटणे, रात्री परसात जाताना बॅटरी आणि बंद चपला. आणि मण्यारीसाठी सर्वांत स्वस्त संरक्षण म्हणजे खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. सोसायटीच्या केबिनमध्ये जमिनीवर झोपणाऱ्या रखवालदाराला एक खाट आणि एक मच्छरदाणी वर्गणीतून सहज देता येते.

आणि मगर?

पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हा प्रश्न थट्टेचा वाटतो. बडोद्यात तो पावसाळ्यातला व्यावहारिक प्रश्न आहे. विश्वामित्रीत दलदली मगरींची शेकडोंनी वस्ती आहे, आणि इतक्या मोठ्या शहराच्या मध्यभागी अशी वस्ती टिकून असणे ही असाधारण गोष्ट आहे. खोडियार मातेचे वाहन म्हणून गुजराती कुटुंबांना मगरीबद्दल जो भाव असतो, तो या टिकण्यामागे थोडाफार असावा असे मला वाटते.

मगर काठाच्या मातीत खोल बिळे करते आणि उन्हाळ्याच्या सुमारास काठावरच खड्ड्यात अंडी घालते. पूर आला की बिळे बुडतात आणि प्रवाह जोराचा होतो. दबा धरून शिकार करणाऱ्या या प्राण्याला जोरदार प्रवाहाशी झगडणे परवडत नाही, म्हणून ती संथ पाण्याकडे वळते, आणि त्या वेळी संथ पाणी असते ते आपल्या गल्लीत आणि परसात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीने ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा वन विभाग आणि स्वयंसेवक कित्येक दिवस वस्त्यांमधून मगरी पकडून नेत होते. पुराच्या गढूळ पाण्यातून ‘जरा कोपऱ्यापर्यंत’ चालत जाण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी. रात्री खाली उतरण्यापूर्वी गॅलरीतून परसात बॅटरी फिरवावी. मगरीचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. ती दिसली तर तिची पाण्याकडची वाट अडवू नये, दगड मारू नये आणि दहा मीटरांच्या आत जाऊ नये. जमिनीवर ती दूरवर पाठलाग करत नाही, पण थोड्या अंतरात तिचा वेग अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

पावसाच्या तोंडावर कांसात, म्हणजे नाल्यांत, वीतभर लांबीची पिल्लेही दिसतात. ती बादलीत घालून घरी आणू नयेत, कारण पिल्लांच्या हाकेला आई ओ देते आणि ती फार लांब नसते. याच पिल्लांशी घोरपडीची गल्लत होते; घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि तिच्या शेपटीवर मगरीसारखे उभे खवले नसतात. घोरपडीच्या श्वासाने किंवा थुंकीने माणूस मरतो ही समजूत निराधार आहे. तिला कोंडीत पकडले नाही तर ती पळून जाणेच पसंत करते. मुंगूस, उदमांजर, वानरे यांच्याबद्दल एवढेच सांगणे पुरे की त्यांना खायला घालू नये. आणि परसात मुंगूस आहे म्हणजे साप येणार नाही, हा भरवसाही धरू नये.

पूर ओसरल्यावरचा पहिला दिवस सर्वांत जपण्याचा असतो, कारण पाण्यापासून पळालेले साप घरातल्याच उंच, कोरड्या आणि अंधाऱ्या जागा धरून बसलेले असतात. गाद्यांच्या गुंडाळ्या, धुलाई यंत्रामागची जागा, माळ्यावरची भांडी, बूट, मीटरची पेटी यांत हात घालण्यापूर्वी लांब काठीने हलवून पाहावे. स्कूटरच्या पुढच्या आवरणात आणि सीटखालीही साप शिरतो. ती सुरू करण्याआधी काठीने चार-दोन वेळा ठोकून दूर उभे राहावे, आणि काही बाहेर आले तर त्याला जाऊ द्यावे.